बाटलीतला हायड्रोजन चौथ्या दिवशी गेला कुठे?

मळीवाला | ७ जानेवारी, रात्री १०:१०

मंडळी, दोन आठवडे डोकं खाणारा प्रश्न घेऊन आलोय. जरा लांबण लागेल.

मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, सांभाळतो. म्हणजे मळीपासून दारू काढून झाल्यावर जे काळं, कढत, वास मारणारं पाणी उरतं ते माझ्या गळ्यात. (पेपरवाले मळीलाही मळी म्हणतात आणि या पाण्यालाही. आम्ही त्याला स्पेंट वॉश म्हणतो.) एक लिटर अल्कोहोलमागे हे दहा-पंधरा लिटर निघतं. ते डायजेस्टरमध्ये (जिवाणूंच्या हवाबंद टाकीत) घालायचं, मिथेन काढायचा, बॉयलरला जाळायचा. नोकरी ही अशी.

भाची एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रोजेक्ट आहे जिवाणूंकडून हायड्रोजन, म्हणजे 'डार्क फर्मेंटेशन'. नाव भारदस्त असलं तरी काळोख लागतो असं नाही, उजेड लागत नाही एवढंच. साखर, पाणी, जिवाणू, आणि हवा बंद.

विरजण माझ्याच डायजेस्टरचं. त्या गाळात आम्ल करणारेही असतात आणि मिथेन करणारेही. मिथेनवाले हायड्रोजन खातात म्हणून गाळ अर्धा तास उकळला. मिथेनवाले मेले, क्लॉस्ट्रिडियमसारखे बीजाणू करणारे टिकले. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे.

पहिली बॅच: १ लिटरच्या बाटलीत ७०० मिली पाणी, १० ग्रॅम ग्लुकोज, थोडं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ३७ अंश. दीड दिवसात पीएच ६.८ वरून ४.३ वर आला आणि गॅस बंद. आंबट झालं, जिवाणू गप्प.

दुसरी बॅच: खायचा सोडा भरपूर घातला. पीएच ६.५ च्या खाली येऊच दिला नाही. गॅस आधी कॉस्टिक सोड्याच्या बाटलीतून (कार्बन डायऑक्साइड तिथेच अडकतो) आणि मग पालथ्या मोजपात्रात. तिसऱ्या रात्रीपर्यंत १.९ लिटर! परीक्षानळीत थोडा घेऊन काडी लावली तर 'पट्' आवाज. दहावीनंतर पहिल्यांदा ऐकला.

चौथ्या दिवशी सकाळी भाचीचा रडका फोन. कॉस्टिक उलटं चढून कल्चरच्या बाटलीत शिरलं होतं. पीएच ११. सगळं खलास. म्हणजे रात्रीत बाटलीत पोकळी तयार झाली. मिथेनवाले तर मेलेले, मग बाटलीतला गॅस कोणी गिळला?

---

खट्याळ_काका | ७ जानेवारी, रात्री १०:३२

रात्री थंडी पडली असेल. गॅस आकसला.

---

मळीवाला | ७ जानेवारी, रात्री १०:४१

काका, आम्हीही आधी तेच म्हणालो. पण बाटलीत वरची रिकामी जागा ३०० मिली. तापमान ५ अंशांनी उतरलं तरी फरक पडतो ५ मिलीचा. आत शिरलेलं कॉस्टिक दीडशेच्या वर होतं.

---

गणपुले_सर | ८ जानेवारी, सकाळी ७:०५

कॉस्टिकनेच बाटलीतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला असेल. नळी तर थेट जोडलेली आहे. मधे रिकामी बाटली ठेवा, असं आम्ही मुलांना घसा फोडून सांगायचो. ट्रॅप म्हणतात त्याला.

---

मळीवाला | ८ जानेवारी, सकाळी ८:२०

सर, ट्रॅपची चूक मान्य. कान पकडले. पण कॉस्टिकची शंका आली म्हणून तिसरी बॅच कॉस्टिकशिवाय लावली होती. बाटलीला थेट काचेची १०० मिलीची सिरिंज. भरली की गॅस पिशवीत सोडायचा आणि पुन्हा जोडायची. तिसऱ्या दिवशी दट्ट्या थांबला आणि चौथ्या दिवशी आपणहून आत जायला लागला. मी स्वतः बघितलं.

विद्यापीठात जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, कोणता वायू किती ते सांगणारं यंत्र) दोनदा नमुना दिला. हायड्रोजनचा टक्का उतरलेला, मिथेन शून्य. फक्त कार्बन डायऑक्साइड गेला असता तर हायड्रोजनचा टक्का वाढायला हवा होता ना?

---

सूक्ष्मदर्शी | ८ जानेवारी, दुपारी १:१५

बरोबर तर्क. तुमचा चोर मिळाला, आणि तो तुमच्याच घरातला आहे.

याला होमोॲसिटोजेन म्हणतात. हायड्रोजनचे चार आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू घेऊन ॲसिटिक आम्लाचा एक रेणू आणि पाणी करतो. दोन्ही वायू एकदम जातात, म्हणून पोकळी. मिथेन निघतच नाही, म्हणून जीसीवर सापडत नाही. आणि यातले बरेच जण बीजाणू करतात, म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाच्या उकळीने ते मरत नाहीत. तुम्ही मांजरं हाकलली पण बोका आतच राहिला.

वर त्याला सोडा घालून हवं तसं घर करून दिलंत. पीएच साडेसहाच्या वर, गॅस दोन-तीन दिवस त्याच पाण्यावर कोंडलेला, साखर संपत आलेली. साखर असेपर्यंत हायड्रोजन करणारे इतके जोरात असतात की चोरी दिसत नाही. साखर संपली की दिसते.

'कोणी खाल्ला' या प्रश्नाने आमच्या विषयाला मोठा धडा शिकवलाय. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की नावाचा एक जिवाणू अल्कोहोलपासून मिथेन करतो असं बरीच वर्षं पुस्तकात होतं. १९६७ मध्ये ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक नाहीच, दोघांची जोडी आहे. एक अल्कोहोलपासून हायड्रोजन करतो, दुसरा तो खाऊन मिथेन करतो. पहिल्याला एकटं वाढवलं तर आपल्याच हायड्रोजनमुळे त्याची वाढ अडते. म्हणजे खाणारा शेजारी ही त्याची गरज आहे.

---

कालव्याकाठी | ८ जानेवारी, संध्या. ६:५०

(नेदरलँड्समधून. सांडपाण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे मळीवाल्यांशी वासाचं नातं.)

सूक्ष्मदर्शी, या चोराचा पहिला पंचनामा आमच्याकडचा! वीरिंगा नावाच्या डच माणसाने १९३६ मध्ये क्लॉस्ट्रिडियम ॲसेटिकम शोधला, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगून ॲसिटिक आम्ल करणारा. पुढे तो वाण हरवला. काही दशकांनी, १९८१ च्या सुमारास, जुन्या वाळलेल्या बीजाणूंमधून तो पुन्हा उठवला. इतकी वर्षं कोरडा पडून राहून जो जिवंत होतो, त्याला तुमची अर्ध्या तासाची उकळी काय वाटणार!

---

अण्णा_कडेगाव | ८ जानेवारी, रात्री ९:१२

सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझ्याकडं ३ घनमीटरचा गोबरगॅस हाय, म्हशी चार. त्यातनं हायड्रोजन काढता येईल का? गाडीला चालतंय म्हणं.

---

सूक्ष्मदर्शी | ८ जानेवारी, रात्री ९:४०

अण्णा, तुमच्या गोबरगॅसमध्ये हायड्रोजन आत्ताही होतोय. होतो त्याच क्षणी मिथेनवाले खाऊन टाकतात. म्हशीच्या कोठीपोटातही हेच चालतं, फक्त तिथला मिथेन ती ढेकरातून सोडून देते. तुमची टाकी म्हणजे सिमेंटचं कोठीपोट. चांगलं चाललंय ते बिघडवू नका.

---

खट्याळ_काका | ८ जानेवारी, रात्री ९:५५

म्हशीचं जाऊ द्या, माणसाचं काय? वाटाण्याची उसळ खाल्ल्यावर आमच्याकडे रात्रभर उत्पादन चालू असतं.

---

सूक्ष्मदर्शी | ८ जानेवारी, रात्री १०:०२

काका, हसण्यावारी नेऊ नका, तोही हायड्रोजनच. मोठ्या आतड्यात न पचलेल्या साखरेवर जिवाणू तो करतात, थोडा रक्तात मिसळून श्वासातून बाहेर पडतो. दूध पचतं की नाही हे बघायला डॉक्टर जी श्वासाची चाचणी करतात, तिच्यात मोजतात ते हेच.

---

हिशेबनीस | ९ जानेवारी, सकाळी ११:३०

आता जरा आकडे. उत्साहावर पाणी घालायला आलोय, माफी असावी.

१० ग्रॅम ग्लुकोजमधून या मार्गाने जास्तीत जास्त किती हायड्रोजन? एका रेणूला चार, तोही सगळं ॲसिटिक आम्लाच्या वाटेने गेलं तर. म्हणजे साधारण साडेपाच लिटर. मळीवाल्यांना १.९ मिळाला. रेणूमागे १.४. पहिल्यांदा करणाऱ्याला वाईट नाही. ब्युटिरिक आम्लाच्या वाटेने गेलं तर मुळात दोनच मिळतात, आणि सगळेच जिवाणू दोन्ही वाटा कमीजास्त वापरतात.

पण ग्लुकोज पूर्ण मोडलं तर पाण्यासकट बारा रेणू निघू शकतात. म्हणजे उत्तमात उत्तम जिवाणूसुद्धा तिसरा हिस्सा देतो आणि दोन हिस्से आम्लात ठेवतो. त्याच ग्लुकोजचा मिथेन केला तर तीन रेणू मिळतात आणि ग्लुकोजमधली नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा हाती येते. हायड्रोजनमध्ये, सगळं आदर्श धरलं तरी, चाळीस टक्के.

मग चांगला चाललेला डायजेस्टर सोडून हा उपद्व्याप कशाला?

---

कालव्याकाठी | ९ जानेवारी, दुपारी ४:१०

चारच्या जवळ जाणारे आहेत. कॅल्डिसेल्युलोसिरप्टर, ७० अंशांवर राहणारा. युरोपचा 'हायव्होल्यूशन' प्रकल्प (२००६ ते २०१०, सूत्रं इथल्या वाखेनिंगेन विद्यापीठाकडे) अशाच उष्णताप्रेमी जिवाणूंवर होता. पहिल्या टाकीत ते, आणि उरलेल्या आम्लावर दुसऱ्या टाकीत प्रकाशावर जगणारे जांभळे जिवाणू, ते त्यातूनही हायड्रोजन काढतात. कागदावर देखणं. पण जांभळ्यांना ऊन लागतं, पसरट पारदर्शक टाक्या लागतात, आणि इथे नोव्हेंबरात ऊन कुठून आणणार!

---

सूक्ष्मदर्शी | ९ जानेवारी, रात्री ८:२५

उष्णतेत उतारा का वाढतो ते सांगते. जिवाणूला साखर मोडताना इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकायचे असतात. हायड्रोजिनेज हे विकर (केंब्रिजच्या स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये त्याचं नामकरण केलं) ते इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर ठेवून हायड्रोजन सोडतं. काही इलेक्ट्रॉन सहज उतरतात, काहींना ढकलावं लागतं. भोवती आधीच हायड्रोजन साचलेला असेल तर ही ढकली चालत नाही. भरलेल्या एसटीत आणखी माणूस चढत नाही तसं. मग जिवाणू दुसरी गाडी पकडतो: ब्युटिरिक, लॅक्टिक, अल्कोहोल. तापमान वाढलं की ढकलणं सोपं होतं.

म्हणून मळीवाला, चौथ्या बॅचला दोनच गोष्टी करा. पीएच साडेपाचच्या आसपास धरा आणि गॅस सतत बाहेर काढा, शक्यतो नायट्रोजनचे बुडबुडे सोडून. चोराला खायला मिळणार नाही आणि करणाऱ्याचंही ओझं उतरेल. एकाच उपायात दोन्ही.

---

मळीवाला | १० जानेवारी, रात्री ११:०५

सूक्ष्मदर्शी ताई, भाचीने तुमचा प्रतिसाद छापून वहीत चिकटवलाय.

हिशेबनीस, तुमचं म्हणणं मला आधी झोंबलं. आज शिफ्टला बसून कागदावर मांडलं आणि एक गंमत दिसली. ती चुकत असेल तर सांगा.

तुम्ही 'हायड्रोजन की मिथेन' असं धरलंत. पण हायड्रोजनच्या टाकीतून निघालेलं आंबट पाणी मी फेकणार नाही, पुढच्या डायजेस्टरला देणार. ग्लुकोजचा थेट मिथेन केला तर तीन रेणू. आधी हायड्रोजनचे चार काढले तर मागे ॲसिटिक आम्लाचे दोन रेणू राहतात, त्यांचे मिथेनचे दोन. म्हणजे मी गमावला एक मिथेन आणि कमावले चार हायड्रोजन. आणि उतारा कमी आला, रेणूमागे दोनच मिळाले, तरी मिथेनचा अर्धाच रेणू कमी होतो. उरलेली साखर पुढच्या टाकीत पकडली जातेच. चार कमाल आहे म्हणून रडायचं कारणच नाही. ते बारातले आठ वाया जात नाहीत, पुढच्या खोलीत जातात.

वजनात सांगायचं तर १ किलो हायड्रोजनपायी २ किलो मिथेन. सरकारची बायोगॅसची 'सतत' (SATAT) नावाची योजना २०१८ मध्ये आली तेव्हा कॉम्प्रेस्ड बायोगॅसचा दर किलोला ४६ रुपये ठरला होता. त्या दराने कच्चा माल ९२ रुपयांचा.

---

हिशेबनीस | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

चुकत नाही. उलट मीच दोन गोष्टींची एकमेकींशी झुंज लावत होतो. चार हायड्रोजन आणि एक कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक मिथेन, हे तुमच्या डायजेस्टरमध्ये रोज घडतं. तुम्ही फक्त मधेच हात घालून हायड्रोजन उचलताय.

तुलनेसाठी: विजेने पाणी फोडून १ किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट लागतात. वीज ५ रुपयांनी धरली तरी अडीचशे. त्यापुढे ९२ बरे दिसतात. पण तुमच्या ९२ मध्ये टाकी नाही, पंप नाही, कार्बन डायऑक्साइड वेगळा करणं नाही, दाबून भरणं नाही.

आणि आकारमान बघा. तमिळनाडूत नेल्लिकुप्पमच्या डिस्टिलरीत १०० घनमीटरच्या टाकीत प्रयोग झाला होता, २००८ मध्ये शोधनिबंध आला. एका बॅचमध्ये २१.३८ किलो हायड्रोजन, रेणूमागे २.७६ चा उतारा. उतारा सुरेख! वेग मात्र तासाला साधारण अर्धा किलो, म्हणजे एका बॅचला चाळीसेक तास. ऊर्जेच्या हिशेबात ते सगळं मिळून साधारण सत्तर लिटर डिझेल. १ लाख लिटरच्या टाकीतून.

---

अण्णा_कडेगाव | ११ जानेवारी, सकाळी ९:५०

सत्तर लिटर डिझेल म्हंजे ट्रॅक्टरचं तीन-चार दिवस. टाकी केवढी बांधायची मग?

---

हिशेबनीस | ११ जानेवारी, सकाळी १०:०५

अण्णा, लाखातलं बोललात.

---

मळीवाला | ११ जानेवारी, रात्री १०:३०

नेल्लिकुप्पमचं वाचलंय. फक्त एक लक्षात घ्या, तिथल्या पाण्यात साखर चांगली शिल्लक होती. आमच्याकडच्या स्पेंट वॉशमध्ये यीस्टने खाऊन उरलेली साखर अगदी थोडी असते. राहतं ते करपलेल्या साखरेचं काळं रसायन, ते जिवाणूंना पचत नाही. वर सल्फेट. साखर शुभ्र करायला गंधकाचा धूर देतात, तो मळीतून आमच्यापर्यंत येतो. सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजनचे मिथेनवाल्यांपेक्षा भुकेले, आणि करतात काय तर हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास ज्याने बॉयलर हाऊसच्या दारात सकाळी सहाला घेतलाय त्याला समजेल. पूर्वी एका ठिकाणी स्क्रबर (गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढणारं यंत्र) बंद ठेवून प्लँट चालवला होता. दीड वर्षात गॅस लाइनची चाळण झाली, आणि बोलणी मला.

म्हणून माझं मत: स्पेंट वॉशवर हायड्रोजन काढायच्या नादी लागू नये. साखर किंवा स्टार्च असलेलं पाणी हवं. साबुदाणा, बटाटा, फळांचा लगदा, दुधाच्या कारखान्यातली निवळी. असं पाणी जिथे रोज येतं आणि जिथे डायजेस्टर आधीच उभा आहे, तिथे पुढे एक छोटी टाकी. ही टाकी छोटीच लागते, कारण आम्ल करणारे भराभर वाढतात, त्यांना तास पुरतात. मिथेनवाल्यांना दिवस लागतात.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जानेवारी, दुपारी १२:४०

दोन टाक्यांची वाट आपल्याकडे चोखाळलेली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीबरोबर शेतातल्या काडीकचऱ्यापासून, म्हणजे भात, गहू, मक्याच्या ताटांपासून, पहिल्या टप्प्यात हायड्रोजन आणि दुसऱ्यात मिथेन असं तंत्र विकसित केलं. काडीतलं सेल्युलोज मोडायला आधी आम्ल-उष्णतेची किंवा विकरांची प्रक्रिया करावी लागत नाही, जिवाणूंचा समूहच ते मोडतो. मला यातलं तेच मोलाचं वाटतं, कारण साखर महाग आणि काडी फुकट. आयआयटी खरगपूरला देबब्रत दास यांच्या गटानेही एंटेरोबॅक्टर या जिवाणूवर बरंच काम केलंय, १० घनमीटरच्या टाकीपर्यंत.

---

गणपुले_सर | १२ जानेवारी, दुपारी ३:००

सरकारी व्याख्येत हा हायड्रोजन 'हिरवा' धरतात का? जानेवारी २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर झाले, पण सगळी चर्चा सौर वीज आणि इलेक्ट्रोलायझरची (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राची) ऐकू येते.

---

हिशेबनीस | १२ जानेवारी, दुपारी ३:३५

धरतात. ऑगस्ट २०२३ च्या मानकात जैवभाराचा मार्ग स्पष्ट लिहिलाय. अट एकच, १ किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन नको. साखरेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने हवेतूनच घेतलेला, म्हणून तो मोजण्यात नाही. पंप, ढवळणी आणि टाकी गरम ठेवणं कशावर चालतं, त्यात मेख आहे.

---

कालव्याकाठी | १२ जानेवारी, रात्री ८:१५

भाचीसाठी एक काळजीची गोष्ट. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला तरच पेटतो, हायड्रोजन ४ ते ७५. ठिणगीही फार बारीक पुरते, आणि ज्योत उजेडात दिसत नाही. गॅसची पिशवी फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) ठेवा. काडीचा प्रयोग परीक्षानळीपुरता ठीक, पिशवीजवळ नको.

---

खट्याळ_काका | १२ जानेवारी, रात्री ८:४०

वाटाण्याच्या उसळीलाही लागू?

---

मळीवाला | २६ जानेवारी, संध्या. ७:२०

चौथ्या बॅचचा निकाल. पीएच ५.५ (कॉस्टिकचे थेंब हाताने, दर दोन तासांनी, मामा आणि भाची आळीपाळीने), नायट्रोजनचे बुडबुडे चालू. गॅस नायट्रोजनमध्ये मिसळून येतो, म्हणून मोजणी जीसीवर. उतारा रेणूमागे २.१. चौथ्या दिवशी जोडणी तशीच ठेवून बघितली, पोकळी नाही. पाचव्या दिवशीही नाही. मधे रिकामी ट्रॅपची बाटली होती, सर, पण ती कोरडीच राहिली.

उरलेलं आंबट पाणी दोन लिटरच्या छोट्या डायजेस्टरला घातलंय, न उकळलेला गाळ घालून. मिथेन रेणूमागे अडीचच्या आसपास येतो का ते बघायचंय.

---

अण्णा_कडेगाव | २६ जानेवारी, रात्री ८:०५

अभिनंदन पोरीचं. आमच्या इथं गुऱ्हाळं चालू हायत, काहिलीची मळी फेकूनच देत्यात. बघायला येता का?

---

मळीवाला | २६ जानेवारी, रात्री ८:११

रविवारी येतो. पाच लिटरचे दोन कॅन घेऊन.